रेशमाला अडणारे हात

त्या दिवशी खमला शेतावर गेली नाही. अंघोळ करून, केस घट्ट बांधून ती घराखालच्या मागावर बसली. घर उंच लाकडी खांबांवर होतं. खाली माग, कोंबड्यांचं खुराडं आणि बांबूचा एक माचा होता. माच्यावर तिचा नवरा बुन्तम उताणा पडून होता. भाताची पोती उतरवताना तो गाडीवरून कमरेवर पडला, तेव्हापासून त्याचं उठणं-बसणं भिंतीला धरूनच चाललं होतं.

उत्तरेचा वारा सुटून बरेच दिवस झाले होते. सगळ्या मुलखाची कातडी त्याने ओढून घेतली होती. पोरांचे ओठ फुटले होते, म्हशींच्या पाठीवर पांढरे पापुद्रे आले होते, वाळत घातलेली मिरची हात लागला की खुळखुळत होती. सकाळी गावात जागोजागी शेकोट्या पेटायच्या आणि माणसं त्यांच्याभोवती बसायची.

खमलाने धोटा टाकला. बाण्याचं, आडवं सूत तिने पावसाळ्यात स्वतः गाठी मारून रंगवलं होतं. जांभळट तपकिरी, मधे फिकट नक्षी. धोटा गेला की प्रत्येक धागा बोटांनी किंचित इकडे-तिकडे सरकवून नक्षी जुळवायची आणि मग फणी ठोकायची. तिने धाग्याला बोट लावलं आणि धागा बोटालाच धरून बसला. तिने अलगद सोडवला, तर दुसऱ्या बोटाला अडकला. अंगठ्याच्या पेरावर उभी चीर होती. तिच्या कडा वाळून करवतीसारख्या झाल्या होत्या. तिथे ताण्याचा एक उभा धागा अडकला, ताणला आणि तुटला.

तिने तो जोडला. पुन्हा धोटा टाकला. वीतभर कापड होईतो तिने इतके धागे जोडले की मान भरून आली. विणलेल्या भागावर बारीक बारीक केसाळ तंतू उभे राहिले होते. मांजराने ओरबाडल्यासारखं दिसत होतं.

"फणीचा आवाज थांबला," बुन्तम माच्यावरून म्हणाला.

"थांबला."

"काय झालं?"

"हात झाला नुसता खरखरीत. रेशमाला लावताच येत नाही."

बुन्तमने मान वळवली. खमलाने हात मांडीखाली घेतले. कंद उपटायचं काम एरवी त्याचं. लांब लोखंडी दांडीचा आकडा झाडाच्या बुडख्याला लावायचा, खांद्यावर घेऊन जोर करायचा आणि साबुकंदाचा अख्खा झुपका भुईतून वर आणायचा. भुई दगडासारखी झाली होती. तो पडल्यापासून उपटायचं तिनेच, कोयत्याने कंद तोडायचे तिनेच, टोपल्या भरायच्या तिनेच. कंदाचा पांढरा चीक हाताला लागून काळा पडायचा. तो घासून काढताना कातडंही निघायचं. पायांचं तर बोलायलाच नको. टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की ती चवड्यांवर चालायची आणि पायऱ्या चढताना कठडा धरायची.

"माती आहे तोवर हात असेच राहायचे," बुन्तम म्हणाला. "दुआन म्हणते तसं बाजारातनं घेऊ की कापड. आजकाल सगळे घेतात."

"दुआनला काय कळतंय? सासू तिची आहे, विहीण माझी आहे."

त्यांची मुलगी दुआन दूर रयाँग शहरात कारखान्यात होती. लग्न पुढच्या पौर्णिमेनंतरचं होतं. मुलगा फोनथोंग गावचा, कालव्यापलीकडचा. लग्नात मुलीने सासूसमोर गुडघ्यांवर बसून रेशमाचं लुगडं ठेवायचं. लुगडं मुलीच्या आईने विणायचं. आणि ही सासू म्हणजे सांगवियन. तिच्या विणीचं नाव तीन तालुक्यांत होतं. कापड उलटं करून बघते आणि मगच सुलट बाजू बघते, असं बायका म्हणायच्या.

दुपारी खमलाने खोबरेल लावलं. हात मऊ झाल्यासारखे वाटले, म्हणून पुसून ती पुन्हा बसली. थोड्या वेळाने कापडावर बोटाएवढा काळसर डाग दिसला. तेल रेशमात उतरलं होतं. तांदळाच्या पिठाने तिने ते टिपून घेतलं. बराचसा डाग गेला, थोडा राहिला. त्यानंतर तिने धोटा खाली ठेवला आणि मागावर जुनी चादर टाकली.

*

बुन्तमची धाकटी बहीण मालाय संध्याकाळी आली. ती गावात शिलाई करायची आणि मोटरसायकलला पिशवी अडकवून पावडरी, साबण, क्रीम विकत फिरायची. तिचे हात लग्नातल्या नवरीसारखे होते. नखं लांब आणि रंगवलेली.

"बघू हात," ती म्हणाली.

"राहू दे."

"दाखव की वहिनी. मी काय परकी आहे?" तिने हात ओढून उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई. हे हात आहेत की फणसाची साल? दादा, तुझ्या पाठीला चोळत असेल तर बरंय, खाज तरी जात असेल."

बुन्तम हसला आणि हसताना कमर धरून कण्हला. खमला हसली नाही.

मालायने पिशवीतून गुलाबी डबी काढली. "हे लाव. शहरातल्या बाया हेच लावतात. आठवड्यात हात असे होतील," म्हणून स्वतःचे हात पुढे केले.

डबीला फुलांचा दाट वास होता. खमलाने जेवणानंतर ते हातापायांना भरपूर लावलं. आधी गार वाटलं. मग भेगांमधून आग सुरू झाली. मिरची कुटलेल्या हाताने डोळा चोळावा तशी. तिने रांजणातलं पाणी ओतलं, आणखी ओतलं. सकाळी बोटांच्या बेचक्या लाल होऊन सुजल्या होत्या आणि भेगांच्या कडा उकलल्या होत्या.

ती तशीच चालत मालायच्या घरी गेली आणि डबी शिलाई मशीनवर ठेवली.

"झोंबलं?" मालायने विचारलं.

"हे गोरं व्हायचं आहे. भेगांचं नाही."

"त्याच्यावर मऊपणासाठी असं लिहिलंय."

"तू वाचलंस?"

मालायने डबी उचलून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "पुष्कळ जणींना विकलंय मी. कुणी काही बोललं नाही. तुझंच कातडं तसलं, त्याला मी काय करू?"

"माझंच तसलं," खमला म्हणाली आणि परत फिरली. त्या दिवशी तिने फडकी गुंडाळून कंद उपटले. फडकी चिकाने ताठ झाली. सोडताना भेगांना चिकटली होती.

*

आरोग्य केंद्रात आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. बाकावर बायका बसल्या होत्या. कुणाचा खोकला, कुणाचं मूल. खमला पांढऱ्या फरशीवरून चवड्यांवर चालत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. तरी मागे फरशीवर तांबड्या चंद्रकोरी उमटल्या. एक एका टाचेची, एक दुसरीची. समोरच्या लहान मुलीने बोट दाखवलं. तिच्या आईने तिचं बोट खाली केलं. तेवढ्याने सगळ्यांनी पाहिलं.

पिम नावाची परिचारिका फरशी पुसायचं फडकं घेऊन आली. खमला उठायला लागली. "मी पुसते."

"बसा मावशी. होतं ते." पिमने पुसलं आणि मग तिचे पाय मांडीवर घेतले. खमलाला लाजेने वर बघवेना. पाय धुऊन आली होती, पण भेगांतली माती धुण्याने जात नव्हती.

"सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पाय बुडवा. पुसून ओलसर असतानाच हे लावा," पिमने एक लहान ट्यूब दिली. "दाट लावा. वर मोजे. हातांना सुती मोजे. आणि मातीत, साबणात, पाण्यात हात घालायचे नाहीत. महिनाभर तरी."

बाकावरची एक म्हातारी खोकता खोकता हसली. "महिनाभर हात वर करून बस गं खमला. बुन्तम भरवील तुला."

सगळ्या हसल्या. पिमही हसली, मग तिने विचारलं, "काम काय करता मावशी?"

"कंद उपटते. आणि रेशीम विणते."

पिमने तिचे पाय हळूच खाली ठेवले. "दोन्ही जमायचं नाही," ती म्हणाली.

ट्यूब चांगली होती. झोंबत नव्हती. पण हातापायांना मिळून ती तीन-चार वेळा पुरली. आणि केंद्रात पुन्हा विचारलं तर संपली होती. तालुक्याच्या औषध दुकानातल्या मुलाने तिच्यासमोर वेगवेगळ्या पाच डब्या ठेवल्या. त्यातली कुठली, हे त्यालाही सांगता येईना. एकीवर बाळाचं चित्र होतं, एकीवर बाईच्या गालाचं. पायाच्या टाचेचं चित्र कुठल्याच डबीवर नव्हतं. तिने बाळाची डबी घेतली. ती पाण्यासारखी पातळ निघाली. कातडीवर पडायची आणि भातात मीठ विरावं तशी कुठच्या कुठे गडप व्हायची.

*

बुन्तम काठी टेकत टेकत बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या कमरेच्या उपरण्यात एक मोठा पत्र्याचा डबा होता. डब्यावर गाय.

"हे काय?"

"जोमदादाकडनं आणलं. गायीच्या सडाला लावायचं मलम आहे. थंडीत सड फुटले की लावतो तो."

"मी गाय आहे?"

"गाय तुझ्यापेक्षा बरी. लाथ मारते, पण मलम लावून घेते." तो माच्यावर कसाबसा टेकला. "दादा सांगत होता, सकाळ-संध्याकाळ धारा काढतो, त्याच्या हाताला कधी भेग नाही. बघितले मी हात. खरंच भेगा नाहीत. दे इकडे पाय."

"कमरेनं वाकवत नाही तुम्हाला."

"मी वाकतच नाही. तू पाय वर कर."

तिने पाय माच्यावर ठेवले. मलम पिवळं, चिकट, मेणासारखं होतं. गोठ्याचा वास येत होता. बुन्तमने अंगठ्याने ते एकेका भेगेत दाबून भरलं. खिडकीच्या फटीत लांबी भरावी तसं. दुखलं की ती पाय ओढायची आणि तो घोटा धरायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिच्या पायांना असा हात कधी लावला नव्हता. दोघंही दुसरीकडे बघत होती. वरून त्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि दुआनचे शाळेतले जुने मोजे चढवले.

"चालताना आवाज येईल," तो म्हणाला.

"कोंबड्या भितील."

"भिऊ देत."

तिसऱ्या दिवशी टाचा टेकल्या. पुरत्या नाही, पण टेकल्या. हातांची सालपटं मऊ पडून निघाली. मलम तांदूळ धुतलेल्या पाण्याने धुऊन काढलं की तेलकटपणा जायचा. तिने बोट रेशमावरून फिरवून बघितलं. दहांतल्या तीन-चार बोटांना धागा अडकला, बाकीच्यांवरून सरकला.

पण कंद अर्धे जमिनीतच होते. चार शेतकऱ्यांनी मिळून ट्रक ठरवला होता. तो हुकला तर पुढचा कधी, ते कुणी सांगत नव्हतं. आणि लग्नाचं जेवण त्या कंदांच्या पैशावरच व्हायचं होतं. शेतात एक दिवस घालवला की मलमाचे तीन दिवस पुसून जायचे. तिने ते दोनदा करून पाहिलं.

मग एका सकाळी ती तांदूळ उकडून खाली आली तर माचा रिकामा. कंद उपटायची दांडी खांबाला टेकवलेली असायची, तीही नव्हती. ती मोज्यांवरच चपला अडकवून शेताकडे निघाली. बुन्तम बांधापासून थोड्या अंतरावर गुडघ्यांवर होता. आकडा एका बुडख्यात अडकलेला, दांडी हवेत उभी, आणि तो दोन्ही हातांनी माती धरून बसलेला. तोंडाला घाम सुटला होता. त्या गारठ्यात.

"किती उपटले?" तिने विचारलं.

"एक."

ती त्याच्या शेजारी बसली. रागावण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. "घरात एकच धड माणूस आहे. तुम्ही आणखी मोडलात तर त्याने काय काय करायचं?"

"तू विण," तो म्हणाला. "मला बघवत नाही ती चादर टाकलेली."

त्याला उठवून घरी न्यायला दोघा शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. गावात बातमी चहाआधी पोचते.

*

मालाय दुसऱ्या दिवशी शेतावर आली. भावाची जुनी विजार, अंगात लांब बाह्यांचा सदरा, चेहऱ्याला फडकं, डोक्याला टोपी. नुसते डोळे दिसत होते. खमला दांडी घेऊन उभी होती.

"दे इकडे," मालाय म्हणाली.

"तुला जमणार नाही."

"तुला विणायला तरी कुठं जमतंय? दे. माझ्या भाचीचं लग्न आहे, तुझं नाही."

"नखं मोडतील."

"कापली." तिने हात पुढे केला. नखं कापली होती. रंग तसाच होता, अर्धा. "त्या डबीचं नंतर बोलू आपण. मी ती विकायची बंद केलीय. सांगितलं नाहीस म्हणायला नको."

तिचं काम वाईट होतं. आकडा निसटायचा, कंद अर्धे तुटून भुईत राहायचे. ती बसायची, शिव्या द्यायची, पाणी प्यायची, पुन्हा उठायची. शिलाईला येणाऱ्या दोन मुलींना तिने बरोबर आणलं होतं. त्यांना कपडे फुकट शिवून द्यायचं कबूल करून. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. ट्रक आला तेव्हा शेताची एक पट्टी तशीच राहिली होती. बाकीचं भरलं.

त्या दिवसांत खमला मागावर होती. धुण्याभांड्यांत हात नाही, मातीत नाही. भात शेजारणीकडून यायचा. बुन्तम पडल्या पडल्या कांड्या भरून द्यायचा. पहिल्यांदा त्याचं सूत सैल व्हायचं, मग जमायला लागलं. दुपारी ऊन खांबांमधून आत आलं की ती थांबायची, हात धुऊन पुन्हा मलम लावायची, घटकाभर बसायची, पुन्हा धुवायची. एका बोटाला शेवटपर्यंत धागा अडकत राहिला. ते बोट तिने कापसाच्या चिंधीत बांधून बाजूला काढलं आणि उरलेल्या नऊ बोटांनी विणलं.

दुआन लग्नाच्या आदल्या दिवशी आली. लुगडं मागावरून उतरलं होतं. तिने ते उलगडलं. सुरुवातीची ती ओरबाडलेली वीत आणि तेलाची पुसट सावली तिला दिसली.

"आई, हे कापून टाकायचं का? आत दुमडता येईल."

"कापलं तर आखूड होतं. बघू दे तिला."

*

लग्नात केळीच्या पानांचा उंच कळस मधे ठेवला होता. त्याच्याभोवती दोन्हीकडची माणसं बसली होती. म्हातारा पुरोहित नवरा-नवरीच्या भटक्या आत्म्यांना परत अंगात बोलवायचं गाणं म्हणत होता. मग सगळ्यांनी नवरा-नवरीच्या मनगटांना पांढरा दोरा बांधायला सुरुवात केली. त्याच्या आधी दुआनने गुडघ्यांवर बसून सासूपुढे लुगडं ठेवलं होतं. सांगवियनने ते मांडीवर घेतलं आणि लोक म्हणायचे तसंच केलं. उलटं करून बघितलं. टोकाची वीत तिच्या हाती लागली. तिचा अंगठा तिथे थांबला. खमलाने बघायचं सोडून दिलं.

दोरा बांधायची तिची पाळी आली. खमला जावयापुढे बसली. एरवी ती हात उपरण्याखाली ठेवायची, पण दोरा दोन्ही हातांनी बांधावा लागतो. समोर सांगवियन दुआनच्या मनगटाला दोरा बांधत होती, आणि तिला गाठ बसत नव्हती. दोरा तिच्या बोटांना धरून बसत होता. सुताचा दोरा, रेशीमसुद्धा नव्हे. तिची बोटं पेरांशी फुगून वाकडी झाली होती आणि तळहात उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकला होता. दुआनने दुसऱ्या हाताने हळूच दोऱ्याचं टोक धरलं तेव्हा गाठ बसली.

जेवणं चालू झाल्यावर सांगवियन स्वतःच खमलाजवळ येऊन बसली. लुगडं तिच्या खांद्यावर होतं.

"विहीणबाई, कंदाच्या दिवसांत विणलंत ना हे?"

"हो. सुरुवात बिघडली. हात..."

"कळलं मला. सुरुवातीला हात कळतो, मग कापड कळतं." तिने लुगड्याचं टोक चाचपलं. "तीन पावसाळे झाले, मी मागावर बसले नाही. बाहेर सांगितलं, डोळे गेले म्हणून. डोळे चांगले आहेत. कातडं सूत सोडत नाही, आणि बोटं वाकत नाहीत. सुनांना तर माग नकोच."

खमलाने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "लोक अजून तुमच्या विणीचं नाव घेतात."

"घेऊ देत. नावाला हात लागत नाहीत." सांगवियनने चिकट भाताचा गोळा केला आणि तसाच हातात धरला. "सूत आहे माझ्याकडे. माझ्या रेशीमकिड्यांचं, शेवटचं. रंगवून ठेवलेलं. पेटीत पडलंय. मरताना अंगावर घालायला म्हणून ठेवलं होतं. तुम्ही विणाल?"

मांडवात गाणं लागलं होतं. पोरं नाचत होती. बुन्तम खुर्चीत बसून कुणाला तरी कमरेची गोष्ट सांगत होता.

"पाऊस लागल्यावर पाठवा," खमला म्हणाली. "आत्ता नको."

"पाऊस लागल्यावर," सांगवियन म्हणाली आणि तिने भाताचा गोळा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले. दुआन नवऱ्याबरोबर कालव्यापलीकडे गेली. अंगणात मोठी पातेली, ताटल्या, वाट्या ढिगाने पडल्या होत्या. आंबवलेल्या मासळीचा वास आणि माश्या. मालाय पायरीवर बसली होती. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"ठेव वहिनी. उद्या बघू. बाया येतील दुपारी."

"त्यांच्या घरी पण ढीग असतील."

खमलाने रांजणातलं पाणी टबात ओतलं, साबण टाकला, राख टाकली. नारळाची शेंडी घेतली. थोडा वेळ ती पातेल्याकडे बघत उकिडवी बसली. मग बाह्या वर सारून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. पाणी गार होतं. आधी झोंबलं, मग झोंबायचं थांबलं, आणि ती घासायला लागली.